बिनहाळीचं पाणी

कोण्या एका काळी, एका मोठ्या तळ्याच्या बांधावर एक पाटकरी राहत होता. पाटकरी म्हणजे तळ्याची दारं उघडून पाटानं शेतांना पाणी सोडणारा माणूस. काम तसं सोपं दिसतं, दार उघडायचं आणि लावायचं. पण खाली तीस-चाळीस शेतं, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि एक दार चुकलं की अर्धं गाव अंगावर येतं.

त्या गावाची एक रीत होती. ज्याला पाणी हवं त्यानं आपल्या शेताच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, तोंडाशी हात धरायचा आणि हाळी द्यायची. हाळी ऐकू आली की पाटकरी त्याच्या वाटचं दार उघडणार. हाळी नाही तर पाणी नाही.

ही रीत पाटकऱ्याच्या डोक्यात एका फजितीनं पक्की बसली होती. नवा नवा कामाला लागला तेव्हा त्यानं बांधावरून पाहिलं, एका म्हाताऱ्याच्या कांद्याची पात माना टाकून आडवी पडलेली. बिचाऱ्याचं शेत तहानलंय, म्हातारा कुठं परगावी गेला असेल, असं वाटून यानं दयेपोटी दार उघडलं आणि दिवसभर पाणी सोडलं. आता कांदा पिकला की पात आपोआप पडते आणि तेव्हा पाणी तोडायचं असतं, हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळा कांदा जमिनीतच सडला. म्हातारा बांधावर आला, पण भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मी हाळी दिली होती का?"  त्यानंतर बिनहाळीचं पाणी पाटकऱ्यानं कधी सोडलं नाही.

शेतांच्या बाबतीत, बरं का. घरची गोष्ट निराळी होती.

घरात त्याची बायको होती आणि एकुलती एक मुलगी, मंजुळा. गावची शाळा दोन कोसांवर, मध्ये ओढा, आणि ओढ्याला वर्षातले चार-पाच महिने उतार नसे. तेव्हा पाटकऱ्यानं ठरवलं, पोरीला आपणच घरी शिकवू. स्वतः चार बुकं शिकलेला होता, जवळ पुस्तकांची एक पेटी होती, आणि मुख्य म्हणजे जीव ओतायची तयारी होती.

दहा वर्षं त्यानं तिला शिकवलं. बापलेक बांधावर बसत आणि मातीत रेघा ओढून हिशेब सोडवत, व्याकरण घोकत, आभाळातले पक्षी मोजत. मंजुळेला एखादी गोष्ट समजली नाही की ती नकळत वेणीचं टोक अंगठ्याला गुंडाळायची. तेवढं दिसलं की पाटकरी थांबे, मागे जाई, दुसऱ्या बाजूनं सांगे, खडे मांडून सांगे, वेणी सुटेपर्यंत सांगे. येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून म्हणे, "माझ्या पोरीला आजवर एक शंका विचारावी लागलेली नाही."

बायको चूल फुंकता फुंकता ऐके आणि म्हणे, "विचारायला तोंड उघडू तरी देता का तिला?"

"अगं, समजतंय ना तिला? मग झालं."

आता त्या तळ्याच्या बांधाला बाहेरच्या अंगानं एक जागा होती, तिथं कायम ओल धरायची. दरवर्षी पाटकरी तिच्यावर माती थापे, आणि दरवर्षी पाणी पुन्हा पाझरे. मंजुळा लहानपणापासून ते बघत आली होती. तिच्या मनानं घेतलं, आपण जलविद्या शिकायची आणि हा बांध नीट करायचा. जलविद्या शिकवणारी विद्याशाळा त्या मुलखात एकच होती, दिवसभराच्या चालीवर असलेल्या नगरीत. तिथं सोळा वर्षं पुरी झाल्यावर प्रवेश मिळे. पण नियम कडक होता. नव्या मुलांना आधी पंधरा दिवस वर्गात बसवायचं. पंधराव्या दिवशी थोरल्या बाई एकेकाला बोलावून एकच प्रश्न विचारणार. उत्तर पटलं तर राहायचं, नाही तर मागच्या दारानं घरचा रस्ता. पुन्हा यायची सोय नाही.

झालं, पाटकरी वर्षभर तयारीला लागला. दहा वर्षांचे धडे पहिल्यापासून उजळले. भाकरी थापायला शिकवली, फाटक्याला टाका घालायला शिकवला, नगरीत कुठल्या गल्लीतून कुठं वळायचं त्याचा नकाशा काढून दिला. गाठोडं बांधायला बसला तर ते संपेचना. पोट दुखलं तर ओवा, पाय मुरगळला तर आंबेहळद, पाऊस आला तर इरलं.

बायको म्हणाली, "अहो, तिला काय लागणार आहे ते तिला तरी विचारा एकदा."

"तिला काय कळतंय? ती कधी गेलीय का तिथं?"

"मग तुम्ही तरी कधी गेलाय?"

 पाटकऱ्यानं गाठोड्यात सुंठेची पुडी घातली आणि गाठ मारली.

मंजुळा गेली. आठव्या दिवशी आईबापांना दुपारचं भेटायची मुभा असे. बायकोनं मेथीचे लाडू करून दिले, दारं सांभाळायला ती मागं राहिली, आणि पाटकरी आदल्या दिवशीच निघाला. नगरीत पोचला तेव्हा वर्ग सुरू होता. तो ओसरीवर खिडकीशी जाऊन उभा राहिला.

आत साठ मुलं बसलेली. वर्गाच्या बाई सांगत होत्या, "कोसभर पसरलेलं तळं घ्या आणि दोन हात रुंदीची विहीर घ्या. दोन्हींची खोली सारखी असली तर तळाशी भिंतीवर पाण्याचा रेटाही सारखाच असतो." पाटकऱ्यानं मान डोलावली. मग त्याची नजर मंजुळेवर गेली. शेवटून दुसऱ्या ओळीत ती बसली होती आणि वेणीचं टोक अंगठ्याला गुंडाळत होती.

पाटकऱ्याला वाटलं, आता बाई थांबतील. बाई थांबल्या नाहीत. त्या पुढं गेल्या, मंजुळेची वेणी अंगठ्याला आणखी आवळली, आणि कुणाचं तिकडं लक्षही नव्हतं. कसं असणार? साठ डोकी होती वर्गात. पाटकऱ्याचा पाय आपोआप उचलला गेला, खिडकीतून ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. तेवढ्यात त्याला आणखी एक गोष्ट दिसली आणि त्याचा पाय तिथंच थांबला. मंजुळा फळ्याकडे बघतच नव्हती. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाई कधी आपल्याकडे बघतील, कधी त्यांना वेणी दिसेल, याची ती वाट बघत बसली होती. आपण हिला दहा वर्षं एवढंच शिकवलं, हे त्याला त्या घडीला कळलं.

दुपारी चिंचेखाली दोघं बसली. लाडवाचा डबा उघडायच्या आधीच मंजुळेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आबा, निम्मं समजतच नाही मला. इथं कुणी थांबतच नाही. सात दिवस राहिलेत. तेवढं तळ्याचं आणि विहिरीचं सांगा ना, तुम्हाला येतंच."

येत होतं. चांगलं येत होतं. पाटांची छोटी दारं सोडली तर खुद्द तळ्याला तीन दारं, एकाखाली एक. खालचं दार उघडायला दोन माणसांचा जोर लागतो आणि वरचं पोरगंही उघडतं, उन्हाळ्यात तळं आकसलं काय आणि पावसाळ्यात पसरलं काय, जोर खोलीवरच ठरतो. चार वाक्यांत सांगून झालं असतं, वेणी सुटली असती, पोर हसली असती. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. आणि कुठून कोण जाणे, तो कांदेवाला म्हातारा त्याच्या डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला.

पाटकऱ्यानं तोंड मिटलं. मग म्हणाला, "येतं मला. पण सांगणार नाही."

मंजुळेला वाटलं, थट्टा करतायत. "असं काय करता, आबा? मी विचारतेय ना तुम्हाला?"

"विचारतेस. पण हाळी चुकीच्या बांधाकडे तोंड करून देतेस, बाळ. इथलं दार माझ्या हातात नाही. आज मी सांगेन, आणि उद्या नवं काही अडलं म्हणजे? मी तिकडे तळ्यावर. वर्गात उभी राहा आणि बाईंना विचार."

"साठ जणांत? हसतील सगळे."

"हसतील."

"मला नाही जमायचं. तुम्ही मला ते कधी शिकवलंच नाही."

हे शब्द त्याला लागले, पण खोटे नव्हते. तो म्हणाला, "नाही शिकवलं. चूक माझी आहे. तू मागायच्या आधी मी ओतत राहिलो, त्याचंच मला कौतुक वाटायचं. आता निस्तरायचं मात्र तुला आहे, त्याला माझा इलाज नाही."

मंजुळा उठली. "मग आलात कशाला?" असं म्हणून ती पाठ फिरवून आत निघून गेली. लाडू तसेच राहिले. पाटकरी तिथंच बसून राहिला. पंचानं डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. शेवटी डबा दारावरच्या बाईकडे दिला आणि घरची वाट धरली. सगळी वाट त्याला एकच वाटत होतं, पोर घरी आली तर ती माझ्यामुळं येईल. घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जेवून घ्या आधी."

पंधराव्या दिवशी तो पुन्हा गेला आणि विद्याशाळेच्या मागच्या दाराशी उभा राहिला. दार उघडे, एखादं मूल गाठोडं घेऊन खाली मानेनं बाहेर येई, त्याचं माणूस पुढं होई. कडी वाजली की पाटकरी टाचा उंचावून बघे. एक मुलगा आला. दोन मुली आल्या. मग पुष्कळ जण आले. उन्हं उतरली, आणि मग बराच वेळ दार उघडलंच नाही. शेवटी पांढऱ्या केसांच्या थोरल्या बाई स्वतःच कुलूप घेऊन बाहेर आल्या.

"कुणाचे तुम्ही?"

"मंजुळेचा बाप. तळ्यावरचा पाटकरी."

"ती घरी शिकलेली? ती राहिली." थोरल्या बाईंनी कुलूप लावलं आणि पायरीवर टेकल्या. "दरवेळी माझा प्रश्न वेगळा असतो. या खेपेला विचारलं, पंधरा दिवसांत तुला काय समजलं नाही, आणि ते तू कुणाला विचारलंस? बहुतेकांनी सांगितलं, सगळं समजलं. त्यांना घरी धाडलं. ज्याला सगळं समजलंय त्याला आम्ही काय शिकवणार?"

"आणि मंजुळा?"

"ती म्हणाली, आठ दिवस निम्मं समजलं नाही आणि कुणालाही विचारलं नाही. नवव्या दिवशी उठून विचारलं. आवाज फुटत नव्हता, पोरं हसली. वर्गाच्या बाईंनी तिला सरळ उत्तर दिलं नाही, तिचाच प्रश्न तिला तीनदा नीट विचारायला लावला. तिसऱ्यांदा विचारता विचारता तिला तुमच्या तळ्याचं खालचं दार आठवलं, आणि ती मध्येच गप्प झाली. समजलं होतं तिला." थोरल्या बाई उठल्या. "त्यानंतर रोज दोन-तीनदा तरी विचारते. वर्गाच्या बाई थोड्या वैतागल्यात."

पाटकरी तिथून घरी कसा आला ते त्याचं त्यालाही आठवत नाही. आनंद पोटात मावत नव्हता, आणि घरात शिरल्यावर मंजुळेची बसायची जागा रिकामी बघून रडूही आलं. दोन्ही खरं होतं.

वर्षानं सुट्टीत मंजुळा घरी आली. आल्या आल्या बांधाच्या ओल्या जागेशी जाऊन उकिडवी बसली, मातीची चिमूट चोळून बघितली, आणि म्हणाली, "आबा, इथं माती थापू नका. पाणी अडवायचं नाही, त्याला वाट करून द्यायची. बाहेरून आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर दगड. पाणी जाईल, माती जागच्या जागी राहील. बांधाला धोका पाणी जाण्याचा नाही, माती वाहून जाण्याचा आहे."

पाटकऱ्याला यातलं ओ की ठो कळलं नाही. तळ्याचा बांध, आणि पाण्याला वाट करून द्यायची? त्याचा हात कानाच्या पाळीकडे गेला आणि तो ती ओढू लागला. ती त्याची जुनी सवय होती.

मंजुळेनं ते बघितलं. आणि ती बोलायची थांबली. बांधावर पाय सोडून बसली आणि तळ्याकडे बघत राहिली. पाटकरी वाट बघत उभा राहिला, आता सांगेल, मग सांगेल. पोर काही बोलेना. दारात उभी असलेली बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

मग पाटकऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. लेक हातभर अंतरावर बसली होती, तरी त्यानं तोंडाशी हात धरला आणि खालच्या शेतांपर्यंत ऐकू जाईल अशी हाळी दिली, "मंजुळे, ए मंजुळे, मला नाही समजलं. पुन्हा सांग."

"आत्ता कसं," मंजुळा म्हणाली, आणि खडे गोळा करून तिनं पहिल्यापासून मांडायला घेतलं.

तात्पर्य: लेकराची तहान ओळखणं ही माया, पण हाळी त्याची त्याला देऊ देणं ही शिकवण, उंबऱ्याबाहेर पडल्यावर तीच त्याच्या कामी येते.