उशी, मान आणि नारू ड्रायव्हर

बोरदरा गावात नारू नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. भोळा हे लोक त्याच्या तोंडावर म्हणत. माघारी वेगळा शब्द होता. सांगितलं तेवढंच तो करायचा, म्हणून आप्पासाहेब थिट्यांनी त्याला आपल्या गाडीवर ठेवला. म्हणजे अक्कल मालकाचीही तेवढीच.

आप्पासाहेबांनी नवी गाडी घेतली. सीटवर डोक्यामागे उशी असते, ती खाली दबलेली होती.

आप्पासाहेब म्हणाले, "नारू, उशी वर घे. माझ्या डोक्याच्या टोकाबरोबर आली पाहिजे."

आप्पासाहेबांच्या डोक्याला फेटा होता. नारूने तुऱ्याच्या टोकापर्यंत उशी ओढली. ती उपटून हातात आली.

"अरे बैला, फेट्यासकट माप घेतात का? डोक्यावरचं आधी काढावं, मग मापावं."

"समजलं," नारू म्हणाला. त्याला एखादी गोष्ट समजली, की पुढचा माणूस गेलाच.

दुसऱ्या दिवशी विश्वासराव जाचक यायचे होते. त्यांच्या मुलाशी आप्पासाहेबांच्या मुलीची सोयरीक जुळत आली होती. नारू त्यांना आणायला एसटी स्टँडवर गेला. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. उशीचं माप घ्यायचं, म्हणून आधी त्यांच्या डोक्यावरचं काढलं.

तो केसांचा टोप होता.

विश्वासराव आल्या एसटीने परत गेले.

आप्पासाहेबांनी कपाळ बडवून घेतलं. "ती उशी शोभेची नाही रे. मागून धडक बसली की मान मागे झटका खाते. तो झटका उशी झेलते. म्हणून ती मागे लागते, अगदी चिकटून. मध्ये फट नको."

"समजलं," नारू म्हणाला.

सकाळी आप्पासाहेब माफी मागायला जाचकांच्या गावी निघाले. धडक मागून येणार, म्हणून नारूने पुढच्या दोन्ही उशा उपटल्या आणि मागच्या बंपरला सुतळीने करकचून बांधल्या. फट ठेवली नाही. आप्पासाहेब पुढच्या सीटवर बसले. आपल्या डोक्यामागे काय आहे, हे बघायची त्यांना सवय नव्हती.

रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबली आणि मागून टेंपो येऊन आदळला. आप्पासाहेबांची मान मागे गेली ती कट्कन वाजूनच परत आली. नारू उतरला, मागे जाऊन बघून आला.

"साहेब, धडक बरोबर उशीवर बसली. बंपरला ओरखडासुद्धा नाही."

डॉक्टरांनी आप्पासाहेबांच्या गळ्यात जाड पट्टा घातला. ते कण्हत म्हणाले, "मी इकडे विव्हळतोय आणि तू बंपर बघतोस? माणसाचं अडलेलं दिसलं की विचारत बसू नये. हात लावावा."

"समजलं," नारू म्हणाला.

तसेच ते जाचकांकडे पोचले. ओसरीवर सगळं घर जमलं होतं. विश्वासराव टोप घालून, तोंड फिरवून बसले होते. आप्पासाहेबांनी हात जोडले.

"विश्वासराव, तुमच्यापुढे मान खाली घालायला आलो. पण काय करू, आज ती खाली जातच नाही."

विश्वासरावांनी गळ्यातला पट्टा पाहिला. ते जरा निवळले. आत चहा सांगितला. सोयरीक सावरत होती.

आप्पासाहेबांच्या मागे नारू उभा होता. साहेबांचं अडलंय, हे त्याने बघितलं. विचारत बसला नाही. दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले आणि सगळा भार टाकून दाबलं.

"गेली, साहेब," तो म्हणाला.