लवंगेची चव

“...पण सर, माझं काही चुकलंच नाही, तर मग ते पडलं कशानं?”

विचारणारा डॉ. ओजस तेरेदेसाई. दातांच्या कॉलेजात सुवर्णपदक मिळवलेला, कुडाळात नुकताच दवाखाना थाटलेला. त्यानं एका बाईंच्या पुढच्या दाताचं रूट कॅनाल केलं होतं आणि वर दाताच्या रंगाचं फिलिंग बसवलं होतं. ते दोनदा पडलं. आज तो बाईंना घेऊन सावंतवाडीला, कॉलेजात त्याला शिकवलेल्या केळुसकर सरांकडे आला होता.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घराच्या पडवीला लागून त्यांचा एका खुर्चीचा दवाखाना.

त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

“मूळ सुरेख भरलंयस.”

ओजस खुलला. “तेच म्हणतो सर. मटेरियलच खराब आलं असणार. नाहीतर बाईंनी काहीतरी कडक चावलं असेल.”

खुर्चीतल्या बाईंचा हात तोंडावर होता.

“बाई, नाव काय तुमचं?”

“प्रमिला गवाणकर.” आवाज हाताआडून आला. “कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते.”

“हात जरा खाली घेता?”

हात सावकाश खाली आला. पुढचा दात अर्धा तुटका दिसत होता.

“मुलं माझे ओठ बघून शब्द शिकतात,” बाई म्हणाल्या. “हे पडल्यापासून हात आपोआप वर जातो. मला कळतही नाही. परवा एक मुलगी बाकावरून उठली, पुढे आली आणि तिनं माझा हात धरून खाली ओढला...”

ओजसनं नजर खिडकीकडे वळवली.

“फिलिंग होतं तेव्हा काही वेगळं जाणवायचं?” सरांनी विचारलं.

“लवंगेची चव यायची. डॉक्टरांना सांगितलं होतं मी.”

“मग?”

“जाईल म्हणाले.”

सर ओजसकडे वळले. “लवंग कुठून आली?”

“सीलरमधून, सर. मुळाची पोकळी बंद करायला वापरतो, त्यात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं.”

“ते वरच्या फिलिंगला लागलं तर?”

“फिलिंग नीट घट्ट होत नाही. दाताच्या भिंतीला धरत नाही. पकड...”

तो मध्येच थांबला.

“परीक्षेत लिहिलं होतं मी हे.”

“माहीत आहे. तो पेपर मीच तपासला होता.”

“म्हणजे सीलर चुकीचं निवडलं मी?”

“मुळाच्या आत ते औषधच आहे. तू ते वरच्या भिंतींवरही राहू दिलंस.”

“सर, आता तुम्हीच करा ना.”

सरांनी स्टूल ओढलं आणि हात मागे बांधून त्यावर बसले.

ओजसनं हातमोजे चढवले. उरलेलं फिलिंग काढलं, भिंती खरवडल्या, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्या.

“झालं, सर.”

सरांनी तो बोळा नाकाशी नेला आणि ओजसपुढे धरला. त्यानं मास्क खाली करून वास घेतला. मास्क पुन्हा वर चढवला.

पुन्हा खरवडलं. नवा बोळा. या वेळी त्यानं स्वतःच वास घेतला.

“आता नाही येत.”

“मला काय सांगतोस? त्यांना विचार.”

ओजस घुटमळला. मग वाकून म्हणाला, “बाई... चव येतेय अजून?”

बाईंनी जीभ दातामागे फिरवली. डोळे मिटले.

“थोडीशी. आतल्या बाजूला.”

तो पुन्हा कामाला लागला. या खेपेला हात संथ होता. मध्ये मध्ये थांबून तो बाईंना विचारत होता, आणि त्या सांगेपर्यंत वाट बघत होता. अखेर त्यांनी मान हलवली. नाही.

मग मुळाच्या तोंडावर त्यानं सिमेंटचा पातळ थर दिला, भिंती पुन्हा साफ केल्या आणि फिलिंग थराथरानं चढवून निळ्या दिव्याखाली घट्ट केलं.

बाईंनी आरसा हातात घेतला.

“प...” त्या आरशाला म्हणाल्या. “फ... ब... भ... म...”

दुसरा हात मांडीवरच राहिला होता.

त्या उठल्या तेव्हा ओजस पुढे झाला. “बाई, कडक चावलं असेल म्हणालो मी... तसं नव्हतं. माझ्याकडूनच साफ करायचं राहिलं होतं.”

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “चणे आवडतात मला. सोडून दिले होते.”

त्या बसस्टँडकडे गेल्या. वळणावर दिसेनाशा होईपर्यंत ओजस दारातच उभा होता.

“सर, दिसतंय तर छान. पण या वेळी खरंच धरलंय, हे मला केव्हा कळणार?”

सरांनी उपकरणांचा ट्रे उचलला.

“दाताबरोबर बाई तुलाही विसरतील तेव्हा.”