फळीवरच्या खाचा

एकदा एक शिष्य, आपल्या गुरूची स्मृती गेली या समजुतीने, सकाळपासून दुपारपर्यंत जीव मुठीत धरून गावभर हिंडला. त्याची ही गोष्ट. गुरू वृद्ध इतिहास-संशोधक होते. शिष्य तिशीतला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पुरते ठाऊक असलेला. दोघेही समुद्रकाठच्या एका जुन्या शहरात राहत. त्या शहरात तीन लहान संग्रहालये होती. लहान म्हणजे इतकी की एकेक पाहायला अर्धा तास पुरे, आणि पाहुण्यांना घेऊन यायचे तर आधी कुलूप कोण उघडणार याची चौकशी करावी लागे.

या तिन्ही संग्रहालयांवर शिष्याने तीन वर्षे खपून एक ग्रंथ लिहिला होता. दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात जायचा होता. गुरूंची प्रस्तावना तेवढी राहिली होती आणि तिच्यावाचून त्या विषयात कोणी पुस्तक हातात धरले नसते. सगळा भर पाचव्या अध्यायावर होता. तिन्ही संग्रहालयांत हातभर लांबीची, खाचा पाडलेली एकेक लाकडी फळी होती. चाळीस वर्षांपूर्वी गुरूंनीच त्या गोळा केल्या होत्या आणि चिठ्ठीवर लिहिले होते, ‘जहाजबांधणीतील मोजपट्टी.’ त्या चिठ्ठीच्या आधारावर शिष्याने पूर्वजांचे एक विस्मृत मापच शोधून काढले होते. खाचांमधली अंतरे एकमेकांशी जुळत नव्हती, पण त्याला त्याने सरासरीचा उपाय केला होता. विद्वानाला अडचण आली की सरासरी धावून येते.

“प्रस्तावना लिहितो,” गुरू म्हणाले. “आधी तिन्ही ठिकाणी एकदा जाऊन येऊ.”

पहिले संग्रहालय बंदरावरच्या जुन्या जकात कचेरीत होते. आत गेल्यावर गुरू तडक फळीपाशी गेले, चष्मा पुसला, आणि दारापाशी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या रखवालदाराला त्यांनी हाक मारली.

“अहो, हे काय आहे?”

रखवालदार उठून आला. त्याने काचेवर बोट ठेवून चिठ्ठी वाचून दाखवली. चिठ्ठीच्या खाली बारीक अक्षरांत गुरूंचेच नाव होते, तेही त्याने वाचले.

“ते मी वाचलं,” गुरू शांतपणे म्हणाले. “पण हे आहे काय?”

रखवालदाराने शिष्याकडे पाहिले. शिष्याने कोपऱ्यात मांडलेल्या जुन्या तोफांकडे पाहिले. बाहेर पडून दोनशे पावले चालल्यावर गुरूंच्या लक्षात आले की छत्री आतच राहिली. ती आणायला शिष्य परत गेला तेव्हा रखवालदार दबक्या आवाजात म्हणाला, “वय झालं हो साहेबांचं. जपा त्यांना.”

शिष्य छत्री घेऊन निघाला. ज्या माणसाने त्याला दगडावरचे झिजलेले अक्षर बोटांनी वाचायला शिकवले, तो आज स्वतःच लिहिलेली ओळ ओळखेना. आणि लगेच दुसरा विचार आला, ज्याची त्याला पुढे पुष्कळ दिवस लाज वाटत राहिली. ज्याची स्मृतीच गेली त्याच्या प्रस्तावनेला किंमत काय?

दुसरे संग्रहालय एका जुन्या शाळेच्या सभागृहात होते. तिथे एक निवृत्त शिक्षक हौसेने येऊन बसत. गुरूंना पाहताच ते लगबगीने उभे राहिले.

“गुरुजी, हे काय आहे ते मला सांगाल का?” वृद्धाने शिक्षकांना विचारत फळीकडे बोट केले.

शिक्षक आधी गोंधळले, मग मनापासून हसले. ही परीक्षाच आहे असे त्यांना वाटले. त्यांनी हाताची घडी घातली आणि चिठ्ठीवरचा मजकूर एकही शब्द न चुकता म्हणून दाखवला. वर म्हणाले, “तुमच्यापुढे आम्ही काय सांगणार, सर! तुम्हीच तर आम्हाला दिलंत हे.”

गुरूंनी नमस्कार केला. पण त्यांचा चेहरा उतरला, आणि तो का उतरला हे शिष्याला कळेना. उत्तर बरोबर आले होते. ते दोनदा बरोबर आले होते. विसरलेल्या माणसाला आठवण करून दिली तर तो खूश तरी होतो किंवा ओशाळतो. यांपैकी काहीच झाले नव्हते.

“गुरुजी,” रस्त्यात त्याने न राहवून विचारले, “आपल्याला बरं वाटत नाहीये का? घरी जाऊ या.”

“बरं वाटतंय की. तिसरं राहिलंय ना अजून?”

तिसरे संग्रहालय कोळीवाड्यात, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होते. तिथली किल्ली चांगुणाबाई नावाच्या साठीच्या कोळिणीकडे असे. झाडलोटही तीच करी. ऊन टळटळीत होते. ती केरसुणी हातात घेऊनच दारात आली आणि वृद्धाकडे निरखून पाहत म्हणाली, “तुमी ते लिवनारे सायेब न? लय वर्सांनी.”

“तोच मी,” गुरू म्हणाले. मग फळीपाशी जाऊन त्यांनी तिलाही तेच विचारले. “बाई, हे काय आहे हो?”

चांगुणाबाई फळीपाशी आली. तिने चिठ्ठी वाचली नाही, कारण तिला वाचता येत नव्हते. तिने वृद्धाच्या तोंडाकडे पाहिले, मग शिष्याला बाजूला घेऊन हळूच विचारले, “कवापासून असं झालंय यांना?”

शिष्याचे डोळे भरून आले, आणि तिला वाटायचे ते वाटले. तिने केरसुणी भिंतीला टेकवली, वृद्धाचा हात धरून त्यांना बाकावर बसवले, आणि लहान मुलाला समजवावे तशी सांगू लागली.

“हे बगा बाबा. आमचं मानूस दर्यावर गेलं ना, की घरची बाई पयल्या सांजेला कोयत्यानं फळीवर एक खाच पाडते. दुसऱ्या सांजेला दुसरी. रोज एक. मानूस परत आलं की तोच कोयता घ्यायचा नि फळी तासून गुळगुळीत करायची. परत गेलं, परत नवी खाच. समजलं?”

“समजलं,” गुरू म्हणाले. “म्हणजे अशा फळ्या घरोघरी असतील.”

“होत्या की. पण त्या गुळगुळीत. गुळगुळीत फळी तुमच्या म्युझियमला कोन नेनार? कुनी तिचं झाकन केलं, कुनी फडताळाला लावली.”

“आणि ही?”

“ही तासली नाय कुनी.”

तिन्ही फळ्यांवरच्या खाचा शिष्याला पाठ होत्या. एकोणीस, चौतीस आणि सत्तेचाळीस. त्यांच्यामधली अंतरे त्याने केसाच्या जाडीपर्यंत मोजली होती, आणि काही खाचा खोल व काही नुसत्या ओरखड्यासारख्या का, यावर अडीच पाने लिहिली होती.

“घरात ठेववत नाय,” चांगुणाबाई सांगत होती, “नि चुलीत घालवत नाय. तेवड्यात तुमी लोक आलात, जुनंपुरानं काय असंल ते द्या बोलत. बाया धावत आल्या द्यायला.”

“ही कोणाची?” शिष्याने विचारले. तीन वर्षांत हा प्रश्न त्याने प्रथमच विचारला होता.

“माझ्या आयशीची.”

“मग सत्तेचाळिसावर का थांबल्या खाचा? तेव्हा काही कळलं होतं का?”

“नाय, कायच कळलं नाय. लाकूड संपलं.”

बाहेर सुकत घातलेल्या मासळीवरून कोणीतरी कावळे हाकलीत होते. मग गुरूंनी हात जोडून विचारले, “बाई, मी ही घेऊन गेलो तेव्हा हे मला का नाही सांगितलं?”

“तवा तुमच्या हातात मोजायची टेप होती नि बरोबर दोन सायेब. मी आयशीच्या बाजूलाच हुबी होते. तुमी तिला बोललात, ही जहाज मोजायची पट्टी, बरोबर? ती बोलली, होय.” चांगुणाबाईने खांदे उडवले. “शिकलेल्या मानसाला नाय कसं बोलायचं? तुमचा शब्द खाली पडला असता.”

ती पाणी आणायला आत गेली. गुरू उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. शिष्य त्यांच्यामागे गेला. त्याला आता राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हते.

“म्हणजे आपण काहीच विसरला नव्हतात! सकाळपासून मला फसवलंत. त्या माणसांना फसवलंत. या बाईला तुमची कीव आली!”

“छत्री खरोखरच विसरलो,” गुरू म्हणाले. “बाकी मी कोणाशीही खोटं बोललो नाही. हे काय आहे असं मी विचारलं, कारण ते मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी मी ते लिहिलं होतं, पण तेव्हाही ठाऊक नव्हतं. तुझा पाचवा अध्याय वाचताना तू जिथे सरासरी काढलीस तिथे मी अडलो. सुतार चुकेल, पण आपल्याच पट्टीवर सत्तेचाळीस वेळा चुकणार नाही. चूक माझ्या चिठ्ठीत होती, आणि तिच्यावर तू माडी बांधलीस.

“मागच्या महिन्यात मी इथे येणार होतो. मग मनात आलं, जाऊन काय विचारणार? ‘ही मोजपट्टी नाही ना?’ तर समोरचा म्हणणार, नाही. ‘मग ही अमुक आहे का?’ की म्हणणार, होय. आपण उत्तर हातात घेऊन गेलो की लोक तेच उत्तर आपल्याला अदबीने परत देतात. त्यात त्यांचा चांगुलपणा असतो आणि आपला घात. जकात कचेरीतल्या माणसाने मला माझंच वाक्य दिलं, शाळेतल्या गुरुजींनीही दिलं. या बाईने मात्र मला अजाण समजून जवळ बसवलं, म्हणून खरं ते माझ्या पदरात पडलं. बाळ, रिकामा हात पुढे केल्याशिवाय त्यावर कोणी काही ठेवत नाही.”

सगळे समजले असे शिष्याला मुळीच वाटत नव्हते. मोजमापाचे शास्त्र गेले, तीन वर्षे गेली, आणि गेलेल्या जागी जे आले होते त्याला अध्याय म्हणायचे की आणखी काही, हे त्याला उमगत नव्हते. एका स्त्रीचे सत्तेचाळीस दिवस त्याने केसाच्या जाडीने मोजले होते. त्याला रडू येत होते, आणि ते पुस्तकासाठी की त्या स्त्रीसाठी हेही तो सांगू शकला नसता.

“प्रस्तावना?” अखेर त्याने विचारले.

“कागद घरी टेबलावर आहे. ग्रंथ तुझा आहे. तू म्हणशील तर संध्याकाळी लिहून देतो.”

शिष्याने मान हलवली. “उद्या नको. छापखान्याला कळवतो मी.”

“किती दिवसांसाठी कळवणार?”

शिष्य उठला आणि आत गेला. चांगुणाबाई तांब्या घेऊन येत होती. कारखान्याच्या त्या लांबट खोलीत भिंतीलगत चाळीसेक वस्तू मांडलेल्या होत्या. डाव्या हाताला वल्ही, मडकी, दिवे, उजव्या हाताला दगड, दोरखंड, पेट्या, आणि प्रत्येकीखाली एक सुबक चिठ्ठी. शिष्याने त्या सगळ्यांवरून एकवार नजर फिरवली. आजवर तो इथे पंचवीस वेळा तरी आला असेल, पण त्याला भीती वाटली ती आज.

“बाई,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, “यातलं आणखी काय काय चुकलंय?”

चांगुणाबाईने तांब्या त्याच्या हातात दिला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिले आणि पदराने तोंड पुसले.

“वेळ हाय का तुला?” तिने विचारले.

शिष्य जमिनीवर मांडी घालून बसला. तिने दारापासून सुरुवात केली.