ठिपका वाळेपर्यंतची गोष्ट

फार फार जुन्या काळी, बाळांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात वर्षातून एकदा सोंगांची जत्रा भरायची. त्या दिवशी गावात पोरं अशी उरायचीच नाहीत. कुणी वाघ व्हायचं, कुणी मोर, कुणी माकड. माकडांना तर रंगही फारसा लागायचा नाही म्हणा!

सगळ्यांचे चेहरे रंगवायची एक म्हातारी रंगारीण. हळदीचा पिवळा, काजळीचा काळा, पळसफुलांचा केशरी, असे तिचे साधे रंग. पण तिची एक रीत होती. ती आधी प्रत्येक पोराच्या कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावायची. मग सगळ्यांना पिंपळाखाली बसवून एक लांबलचक गोष्ट सांगायची. गोष्ट संपली, की ठिपका पुसून ती तिथली कातडी निरखायची आणि मगच गाल रंगवायला घ्यायची. एखाद्याच्या बाबतीत मान हलवून दुसराच रंग उचलायची. डोळ्यांच्या कडांना मात्र तिनं कधीच रंग लावला नाही.

काय ते दिवस होते! ठिपक्याला धक्का लागू नये म्हणून हात लांब धरून पोरं राक्षसाच्या गोष्टी ऐकत बसायची. मोठेपणी कुणाला आपलं सोंग आठवायचं नाही, पण गोष्ट आठवायची.

पुढे म्हातारीची नजर मंदावली आणि तिची सून रंगवायला बसली. हात तिचा सासूपेक्षा सफाईदार, पण थांबणं म्हणजे तिच्या जिवावर यायचं.

ती म्हणाली, "आत्याबाई, पोरं ताटकळतात. गोष्टी काय, निजतानाही सांगता येतील."

म्हातारीला वाईट वाटलं. "तुझं तू बघ गं बाई," एवढंच ती म्हणाली आणि रुसून बाजूला जाऊन बसली.

सुनेची लेक सगळ्यांत पुढे येऊन बसली होती. "आई, मला झगझगीत वाघ कर!" पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून थोडा पिवळा रंग उरला होता. काय त्याची चमक! सुनेनं तोच घेतला आणि ठिपका न लावताच थेट पापण्यांपर्यंत फासला.

शेवटचा पट्टा ओढून होतो न होतो तोच पोर गाल ओरबाडू लागली. तोंड सुजलं, डोळे मिटले.

"आई गं, मला दिसत नाही!"

म्हातारीनं धावत येऊन तेलाच्या बोळ्यानं रंग उतरवला, पाण्यानं डोळे धुतले. वैद्यानं लेप दिला, पण नजर राहील की जाईल, हे त्यालाही सांगवेना. त्या वर्षी जत्रेत एकही सोंग निघालं नाही.

सून लेकीच्या उशाशी रडत बसली. म्हातारी पायाशी बसून नातीला राक्षसाची गोष्ट सांगत राहिली. एके सकाळी सूज ओसरली, पापण्या किलकिल्या झाल्या आणि नात म्हणाली, "आजी, तुझ्या नाकावर माशी बसलीय."

सुनेनं सासूचे पाय धरले. "गोष्ट पोरांना रमवायला असते, असंच मी समजत होते हो."

"ठिपक्याला वेळ लागतो गं," म्हातारी म्हणाली. "कातडीला रंग सोसतो की नाही, ते लगेच कळत नाही. तेवढा वेळ पोरांना धरून कोण ठेवणार? म्हणून गोष्ट. पण हे तुला मी आधीच सांगायला हवं होतं. रुसून बसले, चुकलं माझं."

पुढच्या जत्रेला सुनेनं हळद आणि काजळी कालवली, पोरांच्या कोपरांवर ठिपके लावले आणि पिंपळाखाली बसली. गोष्ट सांगायची तिला सवय नव्हती. राजाचं नाव विसरायची, राक्षसाला दोनदा मारायची. नात खदखदा हसून तिच्या चुका सुधारायची. पण गोष्ट संपेपर्यंत सुनेनं एकाही गालाला बोट लावलं नाही.

तात्पर्य: जुनी रीत मोडण्याआधी ती कशासाठी आहे ते विचारावं, आणि लेकरांच्या बाबतीत तर कधीच घाई करू नये.