कुलपात अडकलेला तुकडा

खूप जुन्या काळी, एका गावात, एक बाई सांगून सांगून थकली की किल्ली मी मोडली नाही. तिचं कुणी खरं मानलं नाही.

मानणार कसं? गावाच्या बियाण्याच्या कोठाराला एकच कुलूप, एकच किल्ली. ती दर महिन्याला एका घरातून दुसऱ्या घरी जायची. कालच ती गावच्या कारभाऱ्याकडून या बाईकडे आली होती. आज पेरणीसाठी तिने ती कुलपात फिरवली, आणि अर्धी हातात राहिली, अर्धी आत. सगळ्या गावादेखत. गावाचा नियम असा, की किल्ली ज्याच्यामुळे मोडेल त्याच्या घराला त्या साली बियाणं नाही. बाईच्या घरात खाणारी तोंडं पुष्कळ, राबणारी ती एकटी.

लोक धावले. कुणी खिळा घातला, कुणी बाभळीचा काटा. जो तो आत ढोसायचा, आणि तुकडा आणखी खोल जायचा.

कारभारी हसून म्हणाला, "वहिनी, तुझे हात ढेकळं फोडायचे. किल्लीला कशाला लावलेस?" मग त्याने घण मागवला. कुलूप फोडा, विहिरीत टाका, जमिनीतली ओल चालली, असा घोशाच लावला.

बाई दाराला पाठ लावून उभी राहिली. "भाऊजी, घण आधी माझ्या डोक्यात घाला. तुकडा अख्खा बाहेर आल्याशिवाय मी हलायची नाही."

तिने कुलपात तेल सोडलं, मुरू दिलं. गोधडीच्या दोन बारीक सुया तुकड्याच्या दोन्ही अंगांनी सारल्या. लोक घाई करत होते, नावं ठेवत होते. ती आपली हिसका न देता तुकडा जरा जरा बाहेर घेत होती. शेवटी तो तिच्या तळहातावर आला.

गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढे तिने तो धरला. मोडलेली कड जेमतेम काडीएवढी चकाकत होती. बाकीची गंजून काळी, आणि गंजावर लाख भरलेली.

"आजोबा, एका रात्रीत लोखंडाला एवढा गंज चढतो का?"

म्हाताऱ्याने मान वर करून थेट कारभाऱ्याकडे पाहिलं. मग त्याला कबूल करावंच लागलं. तडा त्याच्याच हातून गेला होता, आणि लाख भरून त्याने किल्ली पुढच्या घरी ढकलली होती.

लोहाराने दोन्ही तुकडे जुळवून त्यांवरून नवी किल्ली घडवली. कोठार उघडलं, पेरण्या झाल्या. एकाच घराचं शेत पडीक राहिलं, आणि ते बाईचं नव्हतं.

तडा लपवून वस्तू दुसऱ्याच्या हाती देतो, तोच ती मोडतो, हे पक्कं ध्यानात ठेवा. त्या गावात मोडणाऱ्याचं नाव होतं सुभानराव.