पालखीचा हलका दांडा

फार फार जुनी गोष्ट; इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

तिथल्या राजाची आई रोज सकाळी पालखीतून डोंगरावरच्या देवीला जाई. पालखीचा लोखंडी दांडा फार जड, म्हणून राजाच्या ओताऱ्यानं चार धातूंचं मिश्रण करून पांढराशुभ्र, हलका दांडा ओतला. भर दरबारात त्याला हत्तीचं पिल्लू टांगून बघितलं. पिल्लानं आकांत केला, पण दांडा तसूभर वाकला नाही. राजाची कळी खुलली. "आता शंभर वर्षं काळजी नाही!"

पण गोंदाजी भोई जन्माचा काळजीखोर. पालखी उचलण्याआधी तो रोज दांड्यावरून बोट फिरवायचा. बाकीचे भोई हसायचे, "गोंदाजीबाबा, घोडं आहे का ते, कुरवाळायला?" तो नुसता हुंकार भरायचा आणि बोट फिरवतच राहायचा.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्याच्या बोटाला दांड्यावर केसाएवढी चीर लागली. पुढे घाट, आणि घाटाला लागून दरी. त्यानं पालखी उचलायला साफ नकार दिला.

राजा भडकला. "हत्तीनं मोडला नाही, तो माझ्या मूठभर आईनं मोडेल? उचल, नाहीतर चाकरी गेली म्हणून समज!"

"चाकरी घ्या सरकार," गोंदाजी म्हणाला, "पण आईसाहेबांना यात बसवू नका. लोखंडावर झेपेल तेवढंच ओझं घातलं, तर ते जन्मभर सोसतं. हा धातू तसा नाही. पावलागणिक हा जरासा वाकतो, जरासा सरळ होतो. ओझं थोडं असलं तरी याला ते आतून झिजवत राहतं."

म्हातारी खुदकन हसली. "अरे राजा, हत्ती एकदाच लटकला. मी रोज बसते. चल गोंदाजी, माझा हात धर. आज चालतच जाऊ."

राजाही हट्टी. त्यानं पालखीत आईच्या वजनाचे दगड भरले आणि ती मागून आणायला लावली. पहिल्याच वळणावर, सगळ्यांच्या देखत, दांडा काडकन मोडला. पालखी दगडांसकट दरीत गेली. भोई कसेबसे बचावले.

राजानं धावत येऊन आधी आईचे पाय धरले, मग गोंदाजीला कडकडून मिठी मारली. तेव्हापासून त्या राज्यात हलका दांडा, दिसायला कितीही धडधाकट असला तरी, दर दसऱ्याला वितळवून नवा ओतू लागले.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: एकदाच आलेलं मोठं ओझं सगळ्यांना दिसतं, पण लहान ओझं रोज निमूट सोसणाऱ्याची विचारपूसही रोजच करावी लागते.