बिनपडद्यांची गिटार

“…पण ही आहे कुठली, तेवढंच सांगा चाचा. बाकी मला काही नको.”

 दस्तगीरचाचा पुदिन्याच्या कुंडीला पाणी घालत होते, आणि हातातला तांब्या रिकामा होईपर्यंत त्यांना दुसरं काही ऐकू येत नसावं.

समरजित ओसरीवर बसला होता. मांडीवर जुनी बेस गिटार, काळ्या मानेची, खर्जाच्या चार जाड तारांची. साध्या गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, सतारीवर पडदे असतात तशा. पडद्यामागे बोट दाबलं की स्वर आपोआप बरोबर येतो. या गिटारीवर एकही पडदा नव्हता. मान काळीभोर आणि सपाट, शाळेच्या पाटीसारखी.

कोल्हापूरच्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानातून त्याने ती हौसेने उचलली होती. दुकानदाराला तिच्याबद्दल काही सांगता येईना. “मिरजेला जा,” तो म्हणाला, “दस्तगीरचाचांचा जन्म गेला ऑर्केस्ट्रात बेस वाजवण्यात. त्यांना विचार.”

समरजित नुसता विचारायला आला नव्हता. उत्तर घेऊनच आला होता.

“मी सांगू का? ही परदेशी आहे. कारखान्यातूनच बिनपडद्यांची निघालेली. आतल्या वायरी बघितल्या, स्क्रू बघितले, लाकूड बघितलं. इंटरनेटवरच्या फोटोंशी लावून बघितलं.”

“वाजवून बघितलीस?”

“…वाजवून मूळ कसं कळणार?”

चाचा हसले. तोंडात दात थोडेच उरले होते, पण हसण्यात काही कमी नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की पडद्यांच्या गिटारीवर समरजित वाघ होता आणि हिच्यापुढे त्याची शेळी होत होती. बोट केसभर सरकलं की स्वर गेलाच. शनिवारी सांगलीला त्याच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता, आणि तिथे हीच वाजवणार असं तो सगळ्यांना फुशारकीने सांगून बसला होता. आता सुटायला एकच वाट होती. गिटार अस्सल निघाली तर झक मारत शिकायची. कुणी पडदे उपटून तिची वाट लावलेली निघाली, तर सरळ नवे पडदे बसवायचे आणि पोरांना सांगायचं, बघा, मुळातच खोटी होती.

दुसरं निघालं तर बरं, असं त्याला वाटत होतं. ते तो स्वतःलाही कबूल करत नव्हता.

“आण इकडं,” चाचा म्हणाले.

त्यांनी गिटारीची मान उन्हात धरली, तोंडाजवळ नेली आणि चष्म्याच्या काचेवर सोडतात तशी तिच्यावर गरम वाफ सोडली.

“हाऽऽ…”

काळ्या लाकडावर आडव्या रेघा उमटल्या. एकामागून एक, थेट वरपर्यंत. क्षणभर दिसल्या आणि वाफेबरोबर विरून गेल्या.

“पडदे होते?”

“हुते. उपटले. खाचांत लाख भरली, काळी करून. लाकूड वाफ पितं, लाख पीत न्हाई.”

“गिटारीत लाख कोण भरतं चाचा?”

“गिटारवाले न्हाई भरत. सतारवाले भरतात.”

समरजितने गल्लीकडे बघितलं. समोर सतारी करणाऱ्यांची घरं होती, आणि त्यांच्या ओट्यांवर सतारीचे भोपळे ऊन खात पडले होते.

“म्हणजे… ही इथलीच?”

चाचा मानेवरून अंगठा फिरवत राहिले.

“म्हणजे कुणीतरी वाट लावली हिची.” समरजितच्या छातीवरचं ओझं उतरलं. “तरीच म्हटलं. हे बघा, मानेवर खड्डे पण पाडून ठेवलेत. त्यात तारा कुरकुरतात. आता पॉलिशपेपर मारून सपाट करतो आणि नवे पडदे बसवून घेतो.”

“खड्डे? कुठं हायत?”

“हा काय. हा एक. आणि हा इथे…”

“बघू.”

चाचांनी गिटार मांडीवर घेतली. वीज जोडलेली नव्हती, म्हणून आवाज घुमावा यासाठी तिचं अंग दाराच्या फळीला टेकवलं. मग पुदिन्याकडे बघत डावा हात मानेवर ठेवला.

बोटं एकेका खड्ड्यात जाऊन बसली. जुन्या चपलेत पाय जावा तशी. चाचांनी खाली बघितलंच नाही.

त्यांनी तार छेडली आणि दार गुणगुणायला लागलं. एक स्वर दुसऱ्यात कधी मिसळला ते कळलं नाही, मध्ये कुठे जोड नव्हता. समरजितच्या अंगावर काटा आला.

“…तुम्ही?”

“मी.”

“तुम्ही उपटले पडदे?”

“आमच्यातली गाणारी बाई सुरावरनं सुरावर घसरत जायची, अन् मी खाली बसून पायऱ्या मोजायचो. लई राग यायचा. एका दुपारी पकड घेतली अन् उपटलं सगळं. खाचा बुजवल्या समोरच्या कारागिरानं. तो बी हसला मला.” चाचांना बोलता बोलता हसू फुटलं. “पयल्याच कार्यक्रमात असा बेसूर झालो, मालकानं मला स्टेजच्या मागं नेऊन बसवलं. पाव्हण्यांना तोंड दिसू नये म्हणून. तिथं बसून वाजवत ऱ्हायलो.”

“आणि मग?”

“मग सूर जमला, तशी बाईच चिडवत म्हणाली, म्हाताऱ्याला फुडं आणा. तवा म्हातारा न्हवतो मी.”

समरजितही हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. कारखाना, परदेश, स्क्रू, फोटो, सगळं या ओसरीवर येऊन थांबलं होतं, आणि आपण खोटे ठरलो याचा त्याला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

“दिली कशी तुम्ही ही?”

“ऑर्केस्ट्रा मोडला. एका पोराला हवी हुती, देऊन टाकली. आता फिरून फिरून दारात आली बघ.”

“आणि तुमच्याआधी? तुम्हाला कुठून मिळाली?”

“मला बी जुनीच मिळाली.”

“पण कुठली होती? कुणाची?”

चाचा विचारात पडले. खरोखरच पडले.

“…इचारायचं ऱ्हाऊनच गेलं रे. वाजवत बसलो.”

आणि त्यांनी गिटार त्याच्या मांडीवर दिली.

समरजितने दबकत पहिल्या खड्ड्यात बोट ठेवलं. स्वर लागला. दुसऱ्यात ठेवलं. लागला. मग त्याने शनिवारचं आख्खं गाणं दाराला टेकून वाजवलं, आणि एकही स्वर हुकला नाही. शेवटी तो लहान मुलासारखा चाचांकडे बघायला लागला.

“चाचा, शनिवारी हीच. आता मी चुकतच नाही. आणि या खड्ड्यांना मी कुणाला हात लावू देणार नाही, जिवापाड जपणार.”

चाचा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पॉलिशपेपरचा तुकडा होता. तो त्यांनी समरजितसमोर ठेवला.

“घास.”

“काय?”

“मान. सपाट कर. तारा कुरकुरतात म्हणालास न्हवं?”

समरजितने गिटार छातीशी धरली.

“ते मी मघाशी म्हणालो चाचा. तेव्हा मला ठाऊक नव्हतं हे खड्डे वाजवून वाजवून तुमच्या बोटांनी पडलेत.”

“आता ठाऊक झालं. घास.”

“…मग शनिवारी मला स्वर सापडायचे कसे?”

चाचांनी रिकामा तांब्या उचलला. पाणी भरायला निघाले, आणि उंबऱ्यात थांबून हसत म्हणाले,

“मी पडदे उपटले, तवा खड्डे हुते व्हय रे?”